शेपटीच्या गिअरबॉक्सचा पिवळा दिवा

प्रति,
मा. अध्यक्ष, अपघात चौकशी मंडळ,
लढाऊ हेलिकॉप्टर तळ.

विषय: अहवालातून दोषी वैमानिकाचे नाव कमी करून त्या जागी अर्जदाराचे नाव घालण्याबाबत.
संदर्भ: अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज व आपले एक उत्तर.

महोदय,

१. अर्जदार आपल्या तळावर सव्वीस वर्षे यंत्रज्ञ होता. मृत वैमानिक त्याचा सख्खा भाचा.

२. या नव्या हेलिकॉप्टरच्या शेपटीकडील गिअरबॉक्समध्ये चुंबकी बूच असते. आतले दाते झिजून लोखंडाचा कण सुटला की तो बुचाला चिकटतो आणि वैमानिकापुढे पिवळा दिवा लागतो. कल्पना उत्तम, परंतु रचना इतकी हळवी की निरुपद्रवी भुकटीनेही दिवा लागे, आठवड्यातून चार-चार वेळा. लांडगा आला रे आला, अशी गत. कारखान्याला सात पत्रे गेली. दिवा अपेक्षेप्रमाणे काम करत आहे, असे उत्तर आले.

३. म्हणून तळावर रीत पडली: बूच काढायचे, त्यावरचे चिमटीत घेऊन चोळायचे. पिठासारखे लागले तर पुसून सही करायची. टोचले तर हेलिकॉप्टर जमिनीवर ठेवायचे. ही रीत अर्जदारानेच सर्वांना शिकवली. त्या सकाळी त्याने चोळले नाही. आठवड्यातली चौथी खेप होती, कंटाळा आला होता. बूच थेट चिंधीने पुसले आणि सही ठोकली. भाच्याने विचारले, "मामा, पुन्हा लागला तर?" अर्जदार म्हणाला, "लागू दे. खोड आहे त्याची."

४. दिवा पुन्हा लागला. पोराने मामाचे ऐकले, तो उतरला नाही. गिअरबॉक्स फुटला, हेलिकॉप्टर कोसळले. तो आणि सहवैमानिक दोघेही गेले. अहवाल म्हणतो, "इशारा मिळूनही न उतरणे, वैमानिकाची चूक."

५. आठ दिवसांनी खिशात ती चिंधी सापडली. तीत कुसळाएवढा कण होता. अर्जदार तेव्हा मूग गिळून बसला, हे त्याला मान्य आहे. बहिणीपुढे उभे राहण्याची छाती नव्हती.

६. दोष स्वतःकडे घेण्यासाठी विहित नमुना नाही, तक्रारीचा नमुना भरावा, असे आपण कळवलेत. तो भरला. 'तक्रार कोणाविरुद्ध' या रकान्यात स्वतःचे नाव लिहिले. खिडकीवरचा कारकून म्हणाला, "काका, तक्रारदार आणि आरोपी एकच कसा चालेल?" त्याचेही खरेच आहे.

७. अर्जदाराची बहीण दर महिन्याला, सोबत गेलेल्या सहवैमानिकाच्या आईकडे जाते. उंबऱ्यातच हात जोडते, म्हणते, "माझ्या लेकाला माफ करा." अर्जदार तिला स्कूटरवरून नेतो आणि फाटकाबाहेर उभा राहतो. असे दहा वेळा झाले.

८. गेल्या महिन्यात अर्जदाराने चिंधी तिच्यापुढे ठेवून सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले, मग अर्जदाराच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "दादा, त्याची चूक तू अंगावर घेऊ नकोस. सरकारी कागद खोटा असतो का? पण किती रे जीव तुझा त्याच्यावर."

सबब, अहवालाचे दुरुस्त पान तिच्या पत्त्यावर पाठवावे. ते येईपर्यंत ती मला देवमाणूस समजत राहील. मला ते सोसत नाही.

आपला नम्र,
(सही)
निवृत्त मुख्य यंत्रज्ञ
दिनांक: ४ फेब्रुवारी

सोबत: चिंधी, मूळ. परत नको.