लेझर की करंट

५ मार्च
लखोटे संपले. चाळीस बायका, चाळीस बंद लखोटे. भूल दिली की सिस्टरने लखोटा फोडायचा आणि आत लेझर निघो की करंट, त्याच यंत्राने दुर्बिणीतून अंडाशयातली गाठ काढायची आणि रक्त थांबवायचं. तीन महिन्यांनी रक्त तपासून बघायचं, बीजांचा साठा किती उरला. वीस मी केल्या, वीस लेझरवाल्याने. लेझरवाला माझाच जुना विद्यार्थी; लेझरचा भक्त म्हणून हे नाव, लखोट्यांमुळे यंत्रं मात्र दोघांनी दोन्ही वापरली. माझ्या करंटच्या चिमट्याकडे तो म्हाताऱ्या आत्याकडे बघावं तसं बघतो – आदराने, पण लांबून.

२१ एप्रिल
ताईचा फोन. भाचीची गाठ परत आली. दुसऱ्या बाजूचं अंडाशय सहा वर्षांपूर्वीच काढलेलं, आता हे एकच. आणि तिला मूल हवंय. ताई म्हणाली, "दुसऱ्या कुणाच्या ताब्यात मी पोर देणार नाही. तूच कर." मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर ऐकून बरं वाटलं. जूनमध्ये जे यंत्र जिंकेल त्याने करीन. म्हणजे करंटने.

९ मे
सिस्टरच्या मते लेझरच्या धुराला वास कमी येतो. लेझरवाल्याने हेसुद्धा टिपून घेतलं!

११ जून
निकाल. लेझर आणि करंट यांत काहीही फरक नाही. डोंगर पोखरून उंदीर. मी उठणार, तेवढ्यात आकडेवाल्या गृहस्थांनी कुणी न मागितलेला दुसरा तक्ता काढला – डॉक्टरवार. लेझरवाल्याच्या बायकांचा साठा सुमारे पावाने घटला. माझ्या बायकांचा निम्म्याने. दोन्ही यंत्रांवर.
अवघड केसेस मॅडमकडे गेल्या असतील, असं लेझरवाला टेबलाकडे बघत म्हणाला. पोरगा गुणी आहे.

१२ जून
त्याने दिलेल्या पळवाटेचा दिवसभर शोध घेतला. गाठींची मापं सारखी, वयं सारखी. माझ्या दोन तर जरा सोप्याच होत्या.

१४ जून
पायाखालचं पेडल किती वेळ दाबलं, म्हणजे आत किती वेळ भाजलं, याची नोंद यंत्रात राहते. ती काढून घेतली. तो दाबतो, सोडतो, बघतो. मी दाबूनच ठेवते. रक्त थांबल्यावरही दोन-तीन सेकंद, खात्रीसाठी. लेझरवरही तेच.
वीस वर्षांत माझ्या एकाही बाईला रक्तस्रावासाठी परत टेबलावर घ्यावं लागलं नाही, हे मी प्रत्येक बॅचला ऐकवत आले. आत चांगलं किती भाजलं, ते मोजलंच नव्हतं. लाज वाटते आहे. दुसरा शब्द नाही.

१७ जून
सिस्टरला सांगितलं, रक्त थांबलं की मला टोक. एका ऑपरेशनमध्ये सहा वेळा "पाय, मॅडम." सहाव्यांदा तिचाच आवाज ओशाळलेला. जित्याची खोड.

१९ जून
ताईला सगळं सांगितलं, आकड्यांसकट. भाचीचं ऑपरेशन लेझरवाल्याने करावं हेही सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मला सांगितलंस, कारण ती तुझी भाची. त्या वीसजणींना कोण सांगणार?"
रात्री त्या वीसजणींची यादी काढली.

२ जुलै
भाचीचं झालं. रक्त फारसं गेलं नाही. कॅमेरा धरायचं काम सगळ्यांत नवख्या डॉक्टरचं असतं. आज तो मी धरला. लेझरवाला दोनदा "मॅडम, जरा डावीकडे" म्हणाला. मी डावीकडे घेतला. साठ्याचं ऑक्टोबरमध्ये कळेल.

३ जुलै
यादीतल्या पहिल्या बाईंना फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "डॉक्टर, बरं झालं तुमचाच फोन आला. धाकट्या बहिणीलाही गाठ निघालीय. तिला तुमच्याकडेच पाठवते."
म्हटलं, आधी माझं ऐकून घ्या.