अप्परला जोडलेले सहा दिवे

अण्णा,

मागच्या गुरुवारी सकाळी मी एका ट्रकच्या पुढच्या गार्डावरून सहा दिवे उतरवले आणि त्यांची वायर बॅटरीपासून दिव्यांपर्यंत सगळी उपटून काढली. काम माझंच होतं, वर्षापूर्वी मीच बसवलेलं. उतरवताना वायरीच्या टोकाचं एक थिंबल सैल सापडलं नाही, एक सांधा काळा पडलेला नव्हता. वर्षभर खडीच्या खाणीत धूळ खाल्लेली वायर फडक्याने पुसली तर खाली नवीकोरी. तुम्ही ते बघून नुसतं "हं" म्हणाला असतात, म्हणजे तुमच्याकडून शाबासकीच. मला मात्र त्या वायरची शिसारी आली. कुणाच्या तरी ताटातलं उष्टं हाताला लागावं तशी. हात रॉकेलने धुतले, मग साबणाने, आणि जेवायच्या आधी पुन्हा एकदा.

तुम्हांला हे दुकान माहीत नाही. तुम्ही गेल्यावर चार वर्षांनी मी रोह्याचं दुकान बंद केलं आणि लग्न करून पेणला आले. हायवेला लागून, गडबच्या बाजूला, पत्र्याचा गाळा आहे. पाटीवर ऑटो इलेक्ट्रिकल एवढंच लिहिलंय. निम्मे ड्रायव्हर अजून आत डोकावून मला विचारतात, मिस्त्री कुठे गेले. मी म्हणते, मिस्त्री तुमच्यासमोर उभी आहे. आई आता आमच्याकडेच असते. गाळ्याच्या मागेच घर आहे, तिला खिडकीतून माझा आवाज येतो, आणि गिऱ्हाइकाशी मी जरा चढ्या आवाजात बोलले की ती आतून खोकते.

तुमच्या वेळी लोक डायनॅमो घेऊन यायचे, सेल्फ घेऊन यायचे, पावसात हॉर्न वाजत नाही म्हणून यायचे. आता दिवे घेऊन येतात. पांढरे, निळसर, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे ठिपकेवाले. टेम्पोला चार, पिकअपला आठ, मोटरसायकलला दोन. ज्याला त्याला उजेड हवाय, आणि तो रस्त्यावर पडायला नकोय, समोरच्याच्या तोंडावर पडायला हवाय. मी विचारते, "एवढे कशाला?" तर म्हणतात, "समोरचा माज करतो, त्याला उत्तर द्यायला." समोरचाही इथेच कुठेतरी हेच सांगून बसवून घेतो. मला खरोखर वीट आला होता या सगळ्याचा, पण वीट येऊनही मी बसवत होते हे तुम्हांला आधीच सांगून टाकते.

गुरुवारी दिवे उतरवले तो ट्रक कोलाडच्या पुढे डोंगर फोडतात तिकडचा. मालक स्वतः आला होता, पांढरा शर्ट, खिशाला दोन फोन. दिवे त्याने आणलेलेच होते. चांगले होते, रस्ता नसलेल्या ठिकाणी चालवायचे, लांब फेकणारे. मी म्हटलं, खाणीत कामाला येतील, वेगळं बटण देते, आणि रस्त्यावर येताना झाकायला कव्हर घ्या. तो म्हणाला, "बटण नको. हेडलाइटच्या अप्परला जोडा. अप्पर मारला की सगळे एकदम पेटले पाहिजेत." मी म्हटलं, "मग ते रस्त्यावरही पेटतील." तो हसला. "त्यासाठीच तर घेतलेत बाई. तुम्हांला जमत नसेल तर सांगा, कोलाडला पोरं आहेत, अर्ध्या तासात करतात."

ती पोरं कशी करतात ते मला माहीत आहे. हेडलाइटची वायर दाताने सोलायची, दुसरी तिच्याभोवती पिरगाळायची, वर टेप. रिले नाही, फ्यूज नाही. महिन्यात वायर वितळते. मला जे लागलं ते एवढंच, की हा माणूस मला त्यांच्या पंगतीला बसवतो आहे. मी दीड दिवस लावला. चोवीस व्होल्टचा रिले बॅटरीजवळ घेतला, फ्यूज त्याच्याही आधी, जाड वायर पाइपातून नेली, केबिनच्या पत्र्यातून जिथे आत जाते तिथे रबर बसवलं, वीतभर अंतरावर पट्टी मारली. आणि रिलेची बारीक वायर नेऊन अप्परच्या वायरीला जोडली. त्याने सांगितलं तसं. अप्पर मारला तर दिवसाउजेडी समोरची भिंत पांढरीफटक झाली. मी फोटो काढला. फोनवर चार दिवस तोच लावून ठेवला होता. तो बघून अजून ट्रकवाले आले, आणि त्यांचंही मी तसंच केलं.

मला माहीत नव्हतं असं नाही. तुम्ही मला ते दाखवलं होतं. मी बारावीला दुसऱ्यांदा नापास होऊन दुकानात बसायला लागले त्या वर्षीची गोष्ट आहे. कालव्याच्या कामावरची जीप आली होती, तिला वर दोन मोठे दिवे बसवायचे होते. वायरिंग मी केलं, माझं पहिलं पूर्ण काम. दिवेलागणीला तुम्ही जीप कुंडलिकेच्या काठच्या रस्त्याला घेतली आणि मला म्हणालात, "जा, पन्नास पावलं जा आणि तोंड इकडे कर." मी जाते, वळते, आणि तुम्ही दिवे लावता. मला वाटतं, तुम्ही माझं कौतुक करणार. तुम्ही तिकडून ओरडता, "आता चाल माझ्याकडं." मी चालायला लागते. पायाखाली रस्ता नाही, कड नाही, तुम्ही नाही, नुसतं पांढरं. सहाव्या-सातव्या पावलाला मी रेतीच्या ढिगात गुडघ्यावर पडते. तुम्ही दिवे बंद करून येता, मला उठवता, आणि माझ्या कपड्यांवरची रेती झटकता झटकता म्हणता, "हातात हंडा असता तर? पाठीवर पोर असतं तर?" मग परत जाऊन तुम्ही माझी दिव्यांची वायर कापलीत. मी ती अप्परलाच जोडली होती, सोपं पडतं म्हणून. म्हणालात, "सोपं कुणाला पडतं ते बघायचं." मी रडले होते. जीपवाला हसत होता त्याचं जास्त लागलं होतं.

आईचं आणि आपल्या कामाचं कधी जमलंच नाही. तुम्ही कंपनी सोडलीत तेव्हा ती म्हणाली होती, शिफ्टचा भोंगा गेला आणि घरात भंगार आलं. आठवतं ना, वीज गेली की तुम्ही सोल्डरचं लोखंड तिच्या स्टोव्हवर तापवायचात, राळेचा धूर वालाच्या आमटीत उतरायचा आणि ती पळी आपटायची. "पोरीच्या नखात काळं बसलंय, कोण करील गो हिला," म्हणायची. तुम्ही एकदा म्हणालात, "नखातलं काळं निघतं." एवढंच. मी ते वाक्य पुष्कळ वर्षं उराशी धरून होते.

आता झालं ते सांगते. दीड महिन्यापूर्वी आईला घेऊन रोह्याला मावशीकडे गेले होते. परत निघायला सात वाजले. स्कूटर मी चालवत होते, आई मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर मावशीने दिलेली पापडाची पिशवी. नागोठण्याच्या रस्त्याला, खिंडीच्या बरंच अलीकडे, वळणावरून ट्रक आला आणि सगळं पांढरं झालं. ब्रेक मारला की नाही मारला आठवत नाही. मला कड दिसली नाही. चाक खाली गेलं, आणि आम्ही दोघी गटारात, स्कूटर वर. माझं काही नाही, गुडघे. आईचा उजवा हात मनगटातून वाकडा झालेला मला त्या अंधुक उजेडातही दिसला. तिचा चष्मा कुठे गेला कुणास ठाऊक. ती ओरडली नाही. एवढंच म्हणत राहिली, "मला काय दिसलंच नाय गो. काय दिसलंच नाय."

पुढे जाऊन ट्रक थांबला. ड्रायव्हर पळत आला, मोबाइलची बॅटरी आमच्यावर धरली, आणि मला बघून जागीच उभा राहिला. "बाई, तुम्ही?" दिवे बसवायला मालकाबरोबर ट्रक घेऊन आला होता तोच माणूस, पन्नाशीचा, सुधागडकडचा. दीड दिवस माझ्या गाळ्यात बसून माझा चहा प्यायलेला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "वळणावर डिपर मारायला हात गेलाच नाय. सवय लागली बाई." आम्ही दोघांनी आईला धरून उचललं आणि मागच्या बाजूने ट्रककडे नेलं. पुढून ती गेलीच नाही. केबिनमध्ये ती आमच्या दोघांच्या मध्ये बसली, हात पदरात गुंडाळलेला, आणि जरा श्वास आल्यावर ड्रायव्हरला म्हणाली, "तो मेला पळून गेला. तू मागनं आलास म्हणून बरं झालं रे बाबा. देवासारखा आलास."

तिला वाटलं, आंधळं करून गेला तो ट्रक वेगळा आणि हा वेगळा. ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं. मी समोर बघितलं. रोह्याच्या दवाखान्यापर्यंत त्याने अप्पर एकदाही मारला नाही, आणि आई त्याला सारखी दुवा देत होती. तो नुसता "व्हय आजी, व्हय आजी" म्हणत होता.

हाताला सळी घातली. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने जुळेल, पण पहिल्यासारखी पकड येणार नाही. घरी आल्यापासून मी तिला भरवते, न्हाऊ घालते, तिची वेणी घालते. ती दिवसभर त्या ट्रकवाल्याला बोलत नाही, हे नवल. ती बोलते दिवे बसवणाऱ्याला. "गाडीवाला काय, त्याला चालवायला दिली, चालवली. पण बसवनाऱ्याला कळत नव्हतं? त्याच्या घरी म्हातारी नाय? आपले हे असते ना, तर त्याच्या कानाखाली वाजवली असती." आपले हे म्हणजे तुम्ही. असं म्हणते आणि मी दिलेला घास खाते.

गुरुवारी तो ड्रायव्हर आपणहून ट्रक घेऊन आला. खाली उतरून म्हणाला, "काढा हे. मालकाला सांगतो, जळले." मी म्हटलं, "मालक ऐकेल?" तो म्हणाला, "नाय ऐकणार. पण मला तो अप्पर आता मारवत नाय." मी काढले. दिवे गोणपाटात बांधून त्याच्याकडे दिले. दुपारी मालकाचा फोन आला. मी म्हटलं, "जळले नाहीत, मी काढलेत. वेगळं बटण आणि कव्हर घ्यायचं असेल तर परत लावते, नाही तर नाही." तो म्हणाला, "तुम्हांला धंदा करायचा नाही वाटतं." मी फोन ठेवला. त्यानंतर जेवढ्यांचे मी अप्परला जोडले होते त्यांना एकेक करून फोन केले. दोघे आले. बाकीचे हसले, एकाने शिवी दिली.

सोमवारी बाजारातून येताना तोच ट्रक हायवेला समोरून आला. दिवसाउजेडी सहाच्या सहा पेटलेले. चालवणारा दुसराच होता. पेट्रोलपंपावर थांबला तेव्हा मी जवळ जाऊन वाकून बघितलं. वायर पिरगाळलेली, टेप सुटून लोंबत होता, पत्र्याच्या भोकात रबर नाही. कोलाडच्या पोरांचं काम. मला तिथे पहिल्यांदा काय वाटलं ते सांगायची लाज वाटते. मला वाटलं, किती घाण काम. आईचा हात मला नंतर आठवला.

आत्ता ती पलीकडच्या खोलीतून विचारते आहे, "काय लिवतेस गो एवढं?" मी म्हटलं, "सामानाची यादी." हे पाकिटात घालून टाकायचं कुठे, ते काही मी ठरवलेलं नाही, आणि ठरवायची गरजही नाही. तिला सांगायचं मी दोनदा ठरवलं. एकदा तिचं जेवण झाल्यावर, एकदा टाके काढून परत येताना रिक्षात. दोन्ही वेळा तिनेच विषय काढला होता, अगदी आयता. पण अण्णा, ज्या दिवशी तिने त्या दिवे बसवणाऱ्याला पहिल्यांदा शिव्या घातल्या, त्या दिवशी मी गप्प बसले नव्हते. तिला संशय येऊ नये म्हणून मीही तिच्याबरोबर त्याला दोन शिव्या घातल्या, आणि तिच्यापेक्षा मोठ्याने.