बॅगेचं प्रस्थान

येवला, बुधवार

ती. सौ. मालनआक्कास,

धाकट्या खंडूचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे ठीक आहेत, देवळाली कॅम्पातही तसंच असावं. दाजींचा गुडघा कसा आहे? मी पाठवलेलं गुडघ्याचं तेल त्यांनी खोबरेल समजून डोक्याला लावल्याचं कळलं. केसांना फरक पडला असल्यास कळवणे. फोन सोडून पत्र अशासाठी, की मी फोनवर बोलायला लागलो की उज्वला शेजारी बसून माझी वाक्यं दुरुस्त करते आणि शेवटी फोनच काढून घेते.

विषय तुझ्या भाचीचा आहे. हर्षालीला जर्मनीच्या विद्यापीठात पाणी शुद्ध करण्याच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला, हे तुला ठाऊकच आहे. (पाणी शुद्ध करायला इतक्या लांब कशाला, असं मी एकदा विचारून बघितलं. पुन्हा विचारलं नाही.) व्हिसा अजून यायचा होता, पण गेल्या आठवड्यात गुरुजी म्हणाले, प्रवासाला दिवस चांगला तो या गुरुवारचाच, पुढे बरेच दिवस काही नाही. आता व्हिसा देणारे पंचांग बघत नाहीत. तेव्हा उज्वलाने तोड काढली, की प्रस्थान ठेवू. म्हणजे, माणसाला निघता येत नसेल तर मुहूर्तावर त्याचं सामान दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं, की प्रवास सुरू झाला असं धरतात. अट एकच, ते सामान पुन्हा घरात आणायचं नाही. आपले आजोबा सुपारी आणि उपरणं ठेवत. उज्वलाने आख्खी बॅग ठेवली.

बॅग गेली समोरच्या शफीभाईंकडे. त्यांच्या पैठणीच्या मागाशेजारी जागा केली, मासूमाभाभींनी वर धुतलेली चादर घातली. उज्वलाने बॅगेला कुंकू लावलं, ओवाळलं आणि पदर डोळ्याला लावला. जिला जायचं होतं ती दारात उभी राहून चहा पीत होती.

दुसऱ्याच दिवशी निरोप आला, सोमवारी मुंबईला व्हिसाच्या मुलाखतीला हजर राहा. पासपोर्ट कुठे, तर बॅगेत. सर्टिफिकिटं बॅगेत. आयत्या वेळी विसरायला नकोत म्हणून पोरीने सगळ्यांत आधी तीच भरली होती, म्हणजे सगळ्यांत खाली. मी बॅग आणायला गेलो तर शफीभाई उंबऱ्यात आडवे. "दादा, तुम्हीच बोलले ना, परत न्यायची नाय म्हणून? उद्या पोरीच्या कामात खोट निघाली तर लोक मला बोलतील." माझ्या धर्मातला नियम मला त्यांच्याकडून ऐकावा लागला आणि तो बरोबर होता. शेवटी बॅग तिथेच उघडली. लोणची, मेतकूट, कुकर, लोकरीचे कपडे असं सगळं मागाभोवती पसरलं. पासपोर्ट निघाला, पण बॅग पुन्हा मिटेना. शफीभाई, मी आणि मासूमाभाभी तिच्यावर बसलो, तेव्हा कुठे हर्षालीला चेन ओढता आली.

मुलाखत झाली. मी बाहेर फुटपाथवर उभा होतो. त्या साहेबाने तिला विचारलं म्हणे, शिक्षण संपल्यावर परत येणार ना? ही म्हणाली, हो, नक्की. लगेच म्हणाली. आक्का, हाच प्रश्न मी घरी किती वेळा विचारला, मला "बघू" म्हणते. साहेबाची ना ओळख ना देख, आणि त्याला नक्की!

आता पंचाईत अशी, की शफीभाई सहकुटुंब लग्नाला मालेगावला चाललेत. घराला कुलूप लागणार. बॅग आमच्याकडे येऊ शकत नाही. शफीभाई बरोबर न्यायला तयार होते, पण मालेगाव जर्मनीच्या वाटेवर नाही असं उज्वलाचं म्हणणं पडलं. सामान पुढेच सरकलं पाहिजे. देवळाली पुढे आहे. तरी बॅग तुझ्याकडे ठेवावी असं वाटतं, तुझा विचार कळवणे.

दाजींना नमस्कार.

तुझा,
खंडेराव

ता. क. – पत्र बॅगेबरोबरच पाठवतो आहे, त्यामुळे विचार कळवण्याची घाई नाही.

ता. क. – बॅग एसटीत एकटी कशी पाठवणार? बरोबर हर्षाली येते आहे. पाकीट मी चिकटवलं आहे. ते तिच्यासमोर उघडू नकोस.

ता. क. – व्हिसा येईपर्यंत तिला तुझ्याकडेच ठेवून घे आणि आला की तिथूनच विमानाला बसव. मध्ये घरी जाऊन येते म्हणाली तर पाठवू नकोस, मुहूर्त मोडतो म्हणून सांग. मुहूर्ताचं मला काही नाही. आज ती निघेल तेव्हा मी हसून हात हलवणार आहे, सकाळपासून तयारी केली आहे. पुन्हा घरात आली, तर मी तिला जाऊ देणार नाही.