होंगचॉनचं पर्सिमन

होंगचॉन, १२ नोव्हेंबर १९७३

चि. मालसून हिस, ओक्बूनताईचे अ. उ. आ.

तू दक्षिणेतून पाठवलेलं पर्सिमनचं कलम अजून उभं आहे. आधीची दोन इथल्या थंडीनं खाल्ली, म्हणून या खेपेला मी कसलीच कसर ठेवली नाही. बुंध्याला भाताचा पेंढा, त्यावर दोरी आणि सगळ्यावर तुझ्या भावोजींची लोकरी आतली विजार. विजार शोधत ते घरभर फिरले आणि शेवटी ती अंगणात सापडली. चार घरं ऐकतील असं बोलले. शेजारीण तर झाडाला वाकून नमस्कार करून गेली. म्हणते कशी, मामंजींना एवढ्या थंडीत बाहेर का उभं केलंत?

रागाच्या भरात ह्यांच्या तोंडून एक गोष्ट मात्र निसटली. म्हणाले, "मे महिन्यात याला पानं फुटली, तर छुसॉकच्या सणाला मी स्वतः तुला माहेरी नेईन." मी पडले थोरली सून. सणाला पितरांचा नैवेद्य माझ्याच हातचा, त्यामुळे नऊ वर्षं आईचं तोंड पाहिलेलं नाही. झाड मरणारच याची ह्यांना खात्री, म्हणून एवढे उदार झाले. पण शब्द शेजारणीच्या देखत दिलाय.

आईला एवढ्यात सांगू नकोस, आस लावून बसेल. इकडे सगळंच गोठतं, लोभ तेवढा गोठू देऊ नकोस.

तुझी ओक्बून

चॉंगदो, ३ डिसेंबर १९७३

ती. ओक्बूनताईस, मालसूनचा सा. न. वि. वि.

आईला सांगू नको म्हणालीस, पण तिला आता अक्षर दिसत नाही, म्हणून तुझं पत्र मी तिलाच मोठ्यानं वाचून दाखवत होते. तुझी सूचना शेवटी आली, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आता रोज सकाळी विचारते, होंगचॉनला बर्फ पडला का?

तिचा निरोप असा, की कलमाचा जोड आणि त्याच्या वरचं नीट झाक. खालचा खुंट गोयोमचा, तो रानटी, त्याला काही होत नाही. नाजूक आहे ते वरचं गोड फळाचं पर्सिमन. आणि भावोजींना दुसरी विजार घे बाई. तेच आजारी पडले तर तुला आणणार कोण?

लहानीवर माया आहेच, ती अशीच राहू दे.

मालसून

होंगचॉन, १९ मे १९७४

चि. मालसून हिस आशीर्वाद.

पानं फुटली गं. सोबत एक पाठवते आहे. ह्यांनी पान मागून-पुढून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि बरं म्हणून जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी धाकट्या जाऊबाईंना निरोप गेला, की छुसॉकला आमची चूल तुम्ही सांभाळायची. शब्दाला जागले, पण चेहरा काढा प्यायल्यासारखा. मीही मनात म्हटलं, बोला अजून. आता आईला खुशाल सांग.

ओक्बून

चॉंगदो, ३० मे १९७४

ती. ताईस नमस्कार.

ताई, रागावू नकोस. ते पान अरुंद आहे गं. आपल्या पर्सिमनचं पान कसं रुंद नि तुळतुळीत असतं. फुटवा जोडाच्या वर आहे की खाली, ते एकदा बघ. मला वाटतं वरचं कलम थंडीनं गेलं आणि खालचा गोयोम तेवढा वाचला. त्याला येतील ती चिमुकली काळी तुरट फळं.

पान कुठलं, हे आईला मी बोलले नव्हते. तिनं पान अंगठ्यानं चाचपलं, त्याची रुंदी बोटांनी मोजली आणि विचारलं, "येणार कधी ते?" मी कशाला तोंड उघडू? तूही उघडू नकोस. भावोजींना कळलं तर सगळा बेत मोडेल.

माया पातळ करू नकोस.

मालसून

होंगचॉन, २२ सप्टेंबर १९७४

चि. मालसून हिस अनेक आशीर्वाद.

तुझं मे महिन्यातलं पत्र यायच्या आधीच मला माहीत होतं. पर्सिमनवाल्याची लेक मी. फुटवा बोटभर होता तेव्हाच दिसलं, की तो जोडाखालून आलाय. पण ठरलं होतं ते पानांचं. कुठल्या झाडाची, हे ह्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मन मात्र खात होतं. पाणी घालताना रोज वाटे, सांगून टाकावं. मग आई आठवे नि जीभ रेटत नसे. नवऱ्याला फसवून माहेरी निघालेली बाई मी, म्हणून सगळा उन्हाळा ह्यांच्या ताटात गुपचूप एक अंडं जास्त वाढत होते.

काल जाऊबाई सणाची तयारी बघायला आल्या. दारातून आत येतात न येतात तोच म्हणाल्या, अगंबाई, अंगणात गोयोम कशाला वाढवलात? माझ्या हातातलं सूप कलंडलं. हे ओसरीवर दोरी वळत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "पर्सिमन आहे ते. तुम्ही जरा आत बघा."

जाऊबाई आत गेल्या. मी तिथेच तांदूळ गोळा करत बसले आणि तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. अगं, हे जन्मले इथे. या गावात कुंपणाकुंपणाला गोयोम आहे. लहानपणी त्याच्यावरून पडून ह्यांनी हात मोडून घेतला होता. गोयोमचं पान ह्यांना डोळे मिटून ओळखता येईल. म्हणजे पहिल्या दिवसापासून माणसाला ठाऊक होतं, आणि मी बसले अंडी वाढत.

रडू आलं मला, खरं सांगते.

शनिवारच्या गाडीनं निघतो. आईला म्हणावं, जावई येतोय. ह्यांच्यासमोर झाडाचा विषय मात्र कुणी काढू नका. ह्यांना खोटं बोलता येत नाही, असं मी इतकी वर्षं समजत होते.

बाकी समक्ष.

तुझी ओक्बून