तीन सप्टेंबरची प्रत

सोमवार, ४ नोव्हेंबर
आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, मी खोक्यातून कपबशा काढत असताना, ड्वेन नावाच्या तंत्रज्ञाने मला न विचारता माझा कॉम्प्युटर उघडला आणि आतली डिस्क काढून खिशात टाकली. एरवी दिवस झकास. अमेरिकेतल्या डलूथ गावच्या या निवृत्तीगृहात खिडकीतून तळं दिसतं, जेवण गरम मिळतं, आणि शेजारीण सिग्रिड हालव्हर्सन गप्पिष्ट आहे. ड्वेनने समजावलं, की आजी, इथे कुणाच्याच यंत्रात काही नसतं. बटण दाबलं की सगळी सिस्टीम दूरच्या क्लाउडवरून येते, रोज कोरी करकरीत. सगळ्यांना एकच प्रत, तीन सप्टेंबरला काढलेली. रोज नवाला ती सुरू करायची, म्हणजे माणूस जिवंत आहे हे ऑफिसला कळतं. मी म्हटलं, ते मी ओरडूनही कळवू शकते. माझं यंत्र शुक्रवारी नव्या प्रतीबरोबर जोडणार. तोवर ही वही. शाळेत नन्सनी छड्या मारून अक्षर घोटून घेतलं, ते कामी आलं.

मंगळवार, ५
सिग्रिडने विचारलं, ‘अगं बाई, नवीन का तू?’ काल तासभर बसून माझी बिस्किटं संपवली होती! दाढ ठणकते म्हणून रडत होती. दुपारी मीच दंतवैद्याकडे नेलं. त्याने दाढ उपटून बाटलीत घालून दिली. ‘सुटले बाई एकदाची!’ म्हणाली.

बुधवार, ६
नवाला तिच्याकडे गेले. गालात कापूस, पण नावाने हाक मारली, ‘ये गं बर्नाडीन.’ मग तिने बटण दाबलं. स्क्रीन निळा झाला. तिचा हात गालावर गेला. कापूस पडला, कोरडा. ‘अगं बाई, नवीन का तू?’
दाढ तोंडात होती. बाटली रिकामी.
म्हणजे प्रत नुसत्या यंत्राची नाही, माणसांचीही. तीन सप्टेंबरला तिची दाढ दुखत होती. प्रत काढताना त्या गाढव ड्वेनने एवढंही पाहिलं नाही.
व्यवस्थापक लिंडक्विस्टना लेखी तक्रार दिली. शिक्का मारून घेतला.

गुरुवार, ७
लिंडक्विस्ट विचारतात, कुठली तक्रार? आपण नवीन का? शिक्का त्यांचाच. त्यांच्या टेबलावरही तेच यंत्र.
ड्वेन तेवढा काही विसरत नाही. तो बटण दाबतच नाही. म्हणाला, उद्या दहाला नवी प्रत, त्यात तुम्हीही. मग कुणी विसरणार नाही तुम्हाला. मी विचारलं, आणि शनिवारी माझ्यासाठी कोणता वार असेल?
‘शुक्रवार, आजी.’ रविवारी? ‘शुक्रवारच की.’ वर हसला, निर्लज्ज.

शुक्रवार, ८
यंत्र जोडलेलं. मी न्याहारीला गेले तेवढ्यात. मी वायर उपटली. यंत्राचा दिवा जळतोच—
दार उघडत नाही.
ड्वेन यांस. माझी प्रत काढायला माझी सक्त हरकत आहे. मला वगळल्याचं उत्तर आज दहाच्या आत दाराखालून सरकवावं. लेखी. तोंडी चालणार नाही. आणि मी तुमची आजी नव्हे—
स्क्रीन निळा झालाय. मी हात लावलेला नाही.
नऊ सत्तावन्न. पुन्हा बजावते. लेखी, सहीनिशी, दहाच्या आ—