साठ हजारांचा रुपया

पवनी, २८ ऑगस्ट २००६

चि. पुंडलिकरावांस मधुकररावाचे अनेक आशीर्वाद.

साठ हजारांतून बारा टक्के दलालीचे सात हजार दोनशे गेले. फोटो, छपाई आणि विम्याचे आठशे गेले. उरले बावन्न हजार. यात मुंबईचं जाण्यायेण्याचं तिकीट आणि लिलावासाठी शिवलेला नवा सफारी धरलेला नाही. तेव्हा जवाहरनगरच्या क्वार्टरा-क्वार्टरांतून साठ हजार, साठ हजार सांगत फिरून राहिले, ते जरा बेतानं.

फोनवर बोललेलं तुम्ही मागाहून नाकबूल करता, म्हणून कागदावर लिहितो. लिलाववाल्यांच्या अटी वाचल्या का? घेणाऱ्याला पैसे भरायला एकवीस दिवस. त्यानं भरले, तरच विकणाऱ्याला मिळणार, तेही लिलावापासून कामाचे पंचेचाळीस दिवस गेल्यावर. 'कामाचे' हा शब्द दोनदा वाचा.

बाबा गेल्यापासून दर भाऊबीजेला त्यांचा जुना चांदीचा भोसलेशाही रुपया तुम्ही ओवाळणीत टाकायचे आणि तुमची बहीण सुलोचनाबाई तो पुढच्या वर्षासाठी परत तुमच्या हातावर ठेवायची. अठ्ठावीस वर्षं एकच रुपया. यंदा तो विकून चार तोळ्यांचा गोफ टाकतो म्हणालात. टाका. पण भाऊबीज चोवीस ऑक्टोबरला आहे, ती तुमच्या पैशांसाठी थांबणार नाही.

तुमच्या बाईच्या हातून त्या दिवसापासून भाजीत मीठ दोनदा पडून राहिलं.

लोभ आहेच, गप्पा थोड्या कमी केल्या तर आणखी वाढेल.

मधुकर


जवाहरनगर, ४ सप्टेंबर २००६

ती. भाऊजींस पुंडलिकाचा सा. न. वि. वि.

भाऊजी, तुमचा जन्म लुगडी मोजण्यात गेला, हा खेळ वेगळा आहे. तुम्ही त्या हॉलमध्ये पाहिजे होते! पाच हजारांपासून बोली सुरू झाली. बारा हजारांवर सगळे गप्प. मले वाटलं, झालं आता. इतक्यात फोनवरचे दोघं भिडले, नंबर २०७ आणि नंबर २१९. एक वाढवे की दुसरा वाढवे. शेवटी २०७ वाल्यानं साठावर नेला. बाजूचे गृहस्थ म्हणाले, २१९ वाला तर लंडनचाच असला पाहिजे. आपल्या बाबांच्या रुपयासाठी लंडन भांडलं, भाऊजी! असे शेठ पैसे अडवत नसतात. आणि एकोणीस ऑगस्टपासून पंचेचाळीस दिवस म्हणजे तीन ऑक्टोबर. हिशेब सरळ आहे.

भंडाऱ्याच्या सराफाकडे गोफ सांगून आलो. एवढी आनंदाची गोष्ट, पण आमची सौभाग्यवती जानकी तोंड पाडून बसली आहे. कायले म्हणून विचारलं, तर उठून आत जाते. बायकांना नाण्यातलं काही समजत नाही.

बाईला म्हणा, घासलेला रुपया गेला, सोनं येऊन राहिलं. तिची माया अशीच राहू द्या.

आपला,
पुंडलिक


जवाहरनगर, ६ ऑक्टोबर २००६

ती. भाऊजींस सा. न. वि. वि.

भाऊजी, घात झाला. मुंबईला फोन केला. तिथली पोरगी म्हणाली की २०७ नंबरवाल्यानं अगदी एकविसाव्या दिवशी, कचेरी बंद होता होता पैसे भरले. आणि पंचेचाळीस दिवसांत शनिवार, रविवार, गणपती, दसरा, दिवाळी काहीच धरत नाहीत. चेक तीस ऑक्टोबरनंतर निघेल म्हणे. सराफ म्हणतो, रोख ठेवा आणि गोफ न्या.

असा चिकट माणूस मी जन्मात पाहिला नाही. साठ हजारांची बोली लावतो आणि पैसे काढताना याचे हात थरथरतात!

रुपया गेला, गोफ नाही. मी बाईच्या पाटावर कोणत्या तोंडानं बसू? चाळीस हजार उसने द्या, चेक आला की त्याच दिवशी परत करतो. बाईले काही सांगू नका. तुमच्याशिवाय मले कोण आहे?

आपला,
पुंडलिक


पवनी, १२ ऑक्टोबर २००६

चि. पुंडलिकरावांस अनेक आशीर्वाद.

उसने देता येत नाहीत. साठ हजार, त्यावर घेणाऱ्याकडून घेतात ते दहा टक्के, कर आणि टपाल, असे माझे सहासष्ट हजार आठशे चाळीस रुपये गेल्या महिन्यातच मुंबईला गेले. चिकट माणूस मीच. तुमची शिवी पोचली. एकवीस दिवसांची सवलत असताना विसाव्या दिवशी पैसे भरील, तो व्यापारी कसला?

तुम्ही रुपया लिलावात दिल्याचं कळलं, त्या दिवशी तुमची बाई जेवली नाही. मग आमच्या पोरीनं, तेजस्विनीनं, फोनवरून बोली लावली. थांब म्हणेपर्यंत थांबू नको, असं मी तिला सांगितलं होतं, आणि बाई मला थांब म्हणू देत नव्हती.

काल रुपया विम्याच्या टपालानं आला. बाईनं चिंचेनं घासला, कुंकू लावून डब्यात ठेवला. कालपासून भाजीत मीठ बरोबर आहे. भाऊबीजेला मोकळ्या हातानं या. दारात मी तो तुमच्या हातावर ठेवीन, तो तुम्ही ताटात टाका. यंदा मात्र बाई परत देणार नाही, तिनं तसं साफ सांगितलं आहे. सराफाला नाही म्हणून कळवा.

जानकीबाईंना बरोबर आणा आणि त्यांच्यावर रागावू नका. लोभ होता तेवढाच आहे, नाण्यासारखा घासला तरी चालतो.

मधुकर

ता. क. काल जानकीबाईंचं पत्र बाईला आलं. भाऊबीजेच्या आत रुपया गुपचूप परत आणायचा, म्हणून त्यांनी भिशीचे पैसे काढले आणि तुमच्या पोराला, अनुपला, एसटीडी बूथवर बसवलं. अठ्ठावन्न हजारांवर भिशी संपली. तुमचा लंडनवाला २१९ तो हाच. बारा हजारांच्या पुढे आपल्या दोन घरांखेरीज कोणीही बोली लावली नव्हती.