हिरवा ठिपका

३ फेब्रुवारी २०२५

आज पण हिरवा. म्हणजे अल्का ठीक आहे.

कवडू शेजारून चहाले आला होता. म्हणे, "काऊन गा हिरालाल, रोज सकाळी त्या मोबाइलात काय ठेवलं आहे? पोरीले सरळ फोन लाव ना!" त्याले काय समजते! सांगून सांगून थकलो. हैदराबादच्या कंपनीत अल्का प्रोग्राम सांभाळते, कोणाचं पार्सल कुठं पोचलं ते दाखवणारा. त्याचं एक पान आहे. प्रोग्राम चालू असला की हिरवा ठिपका, बंद पडला की लाल. नोकरी लागली तेव्हा तिनंच ते माझ्या मोबाइलात टाकून दिलं. "बाबा, हा लाल झाला की मी उठते. हिरवा होईपर्यंत जागेवरून हलत नाही."

म्हणजे हिरवा दिसला की समजायचं, पोरगी जागेवर आहे. सालेकसा स्टेशनात पॉइंट्समन म्हणून मी जिंदगीभर हेच केलं. गाडी जाताना हिरवी झेंडी घेऊन उभं राहायचं. मागच्या डब्यातून गार्ड त्याची हिरवी दाखवते. ऑल राइट! गार्डाले कोणी फोन करून विचारते का, बरा आहेस का म्हणून?

९ फेब्रुवारी

हिरवा. अल्काच्या मायचा, रुक्माचा फोटो पुसला. ती गेल्यावर एकट्यापुरता भात टाकणं अजून जमत नाही. उरतेच.

१२ फेब्रुवारी

कचारगडची जत्रा. स्टेशनात पाय ठेवायले जागा नाही, अन् एवढ्या माणसांत ओळखीचं एक तोंड नाही. स्टाफ पण सगळा नवा. मालगाडी न थांबता गेली तर माझा हात आपोआप वर गेला — रिकामा! एक बाई हसली. घरी येऊन काही खाल्लं नाही.

२० फेब्रुवारी

जेवताना दिवाळीतलं आठवलं. अल्का आली होती. मी विचारलं, काम काय चालू आहे? म्हणे, "बाबा, पहिले एका मोठ्या मशीनवर सगळा प्रोग्राम राहत होता. एक बिघडलं की सगळंच बंद. मंग एकाच मशीनच्या पोटात दहा मशिनी केल्या. आता प्रोग्रामचेच बारके बारके तुकडे केले आम्ही. एक मेला की त्याच्या जागी दुसरा आपोआप उभा राहते."

मी म्हटलं, "बेस! आमचे रूळ बदलायचे लिव्हर जाऊन बटनांचं पॅनल आलं, तसंच. पण मंग तुले उठायचं काय काम?" ती हसली. मंग वांग्याची भाजी वाढून घेतली.

परत गेल्यावर मी एकदा फोन केला होता. "मंग करते बाबा." केलाच नाही. मी पण काऊन करू? बाप आहे मी तिचा!

३ मार्च

हिरवा.

११ मार्च

लाल!! हातातला चहा सांडला. खोटं कायले लिहू — भीती मागून वाटली, पहिले आनंद झाला. म्हटलं, आता माझी पोरगी केस वर बांधून खुर्चीत बसली असल. फोन हातात घेतला, मंग ठेवून दिला. कामात असताना बोलू नये. पाहतो तर परत हिरवा! चहा पुसून होत नाही तोवर! काय हात चालते पोरीचा! कवडूच्या घरी जाऊन सांगून आलो. दिवसभर बरं वाटलं.

२६ मार्च

मोहफुलं पडून राहिली आहेत. कवडूची प्रेमिला हैदराबादले नर्स आहे, ती सुट्टीवर आली. आल्या आल्या विचारलं, "काका, आता बरी आहे ना अल्काताई?"

"बरी म्हणजे? काय झालं तिले?"

पोरगी घाबरली. मंग हळूहळू बोलली. नोकरी दिवाळीनंतरच गेली. सारी टीमच काढली — प्रोग्राम आपला आपण उठते, तर माणसं कायले पाहिजे? ताई बारक्या खोलीत एकटीच राहते. कावीळ झाली. होळीच्या आधीपासून प्रेमिलाच्याच दवाखान्यात पडून होती. "मले वाटलं तुमाले मालूम आहे."

होळीच्या आधी! म्हणजे त्या दिवशी लाल झाला, हिरवा झाला, अन् मी कवडूच्या घरी मिरवून आलो, तेव्हा माझी पोरगी दवाखान्यात खाटेवर.

मोबाइल पाहिला. हिरवा. कोणाची झेंडी पाहून राहिलो होतो मी एवढे महिने? मागं डबाच नव्हता!

फोन लावला. लगेच उचलला तिनं.

"बाबा, फोन काऊन नाही केला? मले वाटलं, नोकरीचं कळलं अन् तुमाले राग आला."

"हिरवा होता ना माय."

मंग म्हणे, "आता तो हिरवाच राहते बाबा. मी असो का नसो."

खूप रडलो. तिकडं ती पण. आणायले जातो.

२ एप्रिल

आज पण हिरवा. राहू दे.

दुपार झाली. अल्का मागच्या खोलीत झोपून आहे. दोनदा उठून पाहून आलो.